परत देवाला

जितेंद्र सरांच्या तीन हजारांच्या बोलीवर 'दोन' म्हणून झालं होतं आणि 'तीन' म्हणायला रुपरावनं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्याच्या उजव्या हातातली कोंबडी जड झाली. जिवंत कोंबडी पाय धरून उलटी लटकवली तरी ती स्वतःला थोडी सावरून धरत असते, मान वर ओढत असते, पंख आवळत असते. ते सावरणं गेलं. उरलं ते नुसतं वजन. दोन्ही पायांची पिवळी सालं त्याच्या मुठीत तशीच होती, सुतळी तशीच होती, पण हाताला जे कळायचं ते कळून गेलं. पस्तीस वर्षं फिटरचं काम केलेला हात तो. बेअरिंग बसलं की नाही हे डोळ्याआधी त्याला कळायचं. त्यानं खाली पाहिलं. कोंबडीच्या डोळ्यावरची पातळ पापणी खालून वर येऊन अर्ध्यावर थांबली होती. चोचीतून लाळेची एक बारीक तार लोंबत होती, आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर हिरवट पिवळा ओला डाग पडला होता. त्यानं तोंड मिटलं नाही. माइकमध्ये तो "तीन!" म्हणाला. मांडवात टाळ्या झाल्या, आणि जितेंद्र सर नेहमीप्रमाणे उभे राहून, दोन्ही हात वर करून, मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या पोरीकडे वळून ओरडले, "परत देवाला!"

ही त्यांच्या चर्चच्या मंडळीतली जुनी रीत. हंगामाच्या सणाला लोक घरचं काहीबाही आणतात, भोपळा, लिंबं, तांदूळ, अंडी, कोणी केक, कोणी कोंबडी, आणि उपासना झाली की मांडवात त्याचा लिलाव होतो. पैसा देवाच्या कामाला जातो. ज्यानं वस्तू घेतली त्यानं ती घरी न्यावी, किंवा "परत देवाला" म्हणून वेदीपाशी ठेवून द्यावी, म्हणजे ती पुन्हा विकता येते. पूर्वी असं वर्षातून एखादाच म्हणायचा आणि तेही लाजत, खाली पाहून. आता न म्हणणं हेच चमत्कारिक दिसतं. एकच लिंबू सातदा विकलं जातं. लिंबाला त्याचं काही वाटत नाही. ही तांबडी कोंबडी सकाळी अकरापासून पाचदा विकली गेली होती. पाचशे, अकराशे, पंधराशे, एकवीसशे, तीन हजार. पाचही वेळा ती परत देवाला गेली होती, म्हणजे परत रुपरावच्या मुठीत आली होती, उलटी. तिकडे मंडपामागे बिर्याणीचे डेग उघडले होते. तुपाचा, जळक्या कांद्याचा आणि झेंडूच्या माळांचा एक मिळून आंबूस वास पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसला होता.

आता तो मोटारसायकलवर मुलाच्या, सुशीलच्या, मागं बसला होता आणि उजवा हात मांडीपासून लांब धरून होता. सुशील हिंगण्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो. त्याला रविवारच तेवढा मोकळा, त्यामुळे तो खुशीत होता. हेल्मेटच्या आतून ओरडून बोलत होता. "बाबा, आज तं तुमी फोडलं! बाईले तिच्याच बोलीवर चढवलं! मागं सगळे पोट धरून हासून राहिले होते." रुपरावनं हात आणखी लांब धरला. "पास्टर साहेब म्हणे, रुपरावभाऊ नसते तं आपल्या चर्चचं छत झालंच नसतं." सिग्नलला गाडी थांबली. शेजारच्या स्कूटरवरची बाई त्याच्या बाहीकडे पाहून किंचित सरकली. त्याला वाटलं, हिलाही कळलं. मग वाटलं, कळू दे. मग लगेच त्यानं बाही आत दुमडली.

बाई म्हणजे पंचफुला. सक्करदऱ्याला एका खोलीत राहते, प्रताप नगरात तीन घरचा स्वयंपाक करते, नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. तांबडी कोंबडी तिनंच आणली होती. सकाळी फाटकात तिनं ती त्याच्या हातात दिली तेव्हा छातीशी धरून आणली होती, मान वर, आणि कोंबडी इकडेतिकडे पाहत होती, सणाला आलेल्या पाहुणीसारखी. "सव्वा वर्साची हाय भाऊ. रोज अंडं देते. म्हटलं देवाले चांगलंच द्याव." पायाला सुतळी तिनंच बांधलेली, सैल, सुरगाठीची. नंतर रुपरावनं ती आवळली. आणि मग, तिला कोणी विचारलं नव्हतं तरी, आनंदात होती म्हणून तिनं सांगितलं होतं की यंदा तिन्ही घरची दिवाळी मिळून बत्तीसशे झाली आणि उद्या चष्मा करायचा आहे, डाळीतले खडे दिसत नाहीत, मालकीण बोलते. पदराच्या टोकाला गाठ होती. ती तिनं दोनदा चाचपली.

घरी आल्यावर त्यानं हात धुतले. साबणानं, मग राखेनं, मग सुनेच्या भांड्यांच्या पावडरीनं. मिनलनं मंडळीतून आणलेल्या बिर्याणीचं पुडकं ताटात उघडलं. वर एक कोंबडीचा पाय होता, पिवळा, मसाल्यात माखलेला, गुडघ्यात वाकलेला. त्यानं ताट सरकवलं. "उपास हाय का बाबा?" मिनल म्हणाली. "पोट बरोबर नाही." तो खिडकीपाशी जाऊन बसला. खाली कोणीतरी गाडी धूत होतं. त्याला वाटलं, कोंबडी कधीकधी अशी पडते, उष्म्यानं पडते, पाणी मारलं की उठते. त्यानं कशाला पक्कं धरून चालावं? उजेड होता, गोंगाट होता, म्हाताऱ्या हाताला काहीही वाटतं. हे सगळं तो स्वतःशी त्याच आवाजात बोलत होता ज्या आवाजात तो सडका भोपळा विकायचा, आणि तो आवाज त्याला ऐकवेना.

कारण हा आवाज त्याला देवानं दिला असं तो तीस वर्षं सांगत आला होता. तिशीपर्यंत तो पगाराच्या कागदावर अंगठा लावायचा. मंडळीतल्या रात्रीच्या वर्गात गीतांच्या पुस्तकावरून त्यानं अक्षरं गिरवली, आणि पहिल्यांदा उभं राहून एक ओळ वाचली तेव्हा त्याला स्वतःचाच आवाज दुसऱ्याचा वाटला होता, मोठा, स्वच्छ. त्याच वर्षी हंगामाच्या सणाला त्यानं आठवड्याचा सगळा पगार देऊन एक भोपळा घेतला. कोणी डिवचलं नव्हतं. नुसतं आतून भरून आलं आणि हात वर गेला. भागीरथा, त्याची बायको, तेव्हा नवी होती. घरी येऊन तिनं विचारलं, "अन् आता?" तो म्हणाला, "आता भोपळा." आठ दिवस त्यांनी भोपळा खाल्ला, भाजी, भाकरीत, नुसता उकडून मीठ लावून, आणि आठव्या दिवशी भोपळ्याचं नाव काढलं तरी दोघं हसत सुटायची. त्या दिवसांत उपाशी असल्याचं त्याला आठवत नाही. अंग हलकं असल्याचं आठवतं. ते खरं होतं. कोणीही येऊन सांगावं, ते खरं होतं. मग लिलाव कोण पुकारेल म्हटल्यावर लोकांनी त्याला पुढे केलं. दोनचार वर्षांत त्याला कळलं की माणसंही नट-बोल्टासारखी असतात, प्रत्येकाचा एक आटा असतो, तिथवर फिरवलं की ती करकरतात आणि मग बोलतात. कोणाला शेजारी चढला की बोलावंसं वाटतं, कोणाला बायको बघते म्हणून, कोणाला आजारी पोराची आठवण काढली की. तो पाना घेऊन उभाच असायचा. आणि भागीरथा शेवटच्या वर्षांत लिलावाच्या वेळी मांडवाबाहेर जाऊन बसायची. गुडघे दुखतात म्हणायची.

आता गुडघ्यांचं खरं नव्हतं, असं त्याला दिसलं. खिडकीच्या गजाला डोकं टेकून त्यानं डोळे मिटले, तर मांडव पुन्हा समोर. हातात मेलेलं वजन, सगळे जेवणाकडे डोळे लावून, आणि कोंबडी पुन्हा विकायला आलेली. तेव्हा तो क्षणभर थांबला होता. म्हणू शकला असता, लोकहो, गेली बिचारी, आता पुरे. नाही म्हणाला. त्यानं मांडवावरून नजर फिरवली, एकेका तोंडावरून, आणि ही नजर काय शोधत होती ते त्याला आत्ता, दुपारी अडीच वाजता, बिर्याणीच्या वासात कळलं. जितेंद्र सरांच्या हातात ती दिली असती तर सर ओरडले असते, ओ भाऊ, मढं विकता का, आणि सगळा मांडव हसला असता, मोबाइलवर हसला असता. तो असं कोणीतरी शोधत होता की जे ओरडणार नाही. कोंबडी दुसऱ्याच्या घरी जाऊन गुपचूप मेलेली निघावी, असं घर. नजर बायकांच्या शेवटच्या रांगेत जाऊन थांबली, आणि वर हेही त्याला ठाऊक होतं की तिच्या पदराला किती आहेत.

"पंचफुलाबाई! ओ पंचफुलाबाई! काहून जी, कोंबडी तुमची, सव्वा वरीस अंडी तुमी खाल्ली, अन् देवाच्या वक्ताले मान खाली?"

लोक हसले. ती उठून उभी राहिली. तिला वाटलं, उत्तर द्यायचं असतं. "मी तं देल्ली ना भाऊ कोंबडी."

"कोंबडी देल्ली. मन देल्लं का? देव पूर्ण मन मांगते बाई, पाव किलो नाही मांगत."

पुन्हा हशा. तिनं पदराच्या टोकावर हात ठेवला. मग न पाहता म्हणाली, "एकतीसशे." हसणं थांबलं. आणि तिथं, तिथं तरी, त्यानं एक दोन तीन म्हणून टाकायचं. पण तोंडाला लागलेली लय थांबेना. "एकतीसशे! बत्तीस कोण म्हणते?" आणि सवयीनं, शेवटी जिच्यावर नजर होती तिच्याकडेच तो पाहत राहिला. तिनं इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कोणी बोललं नाही. तिला वाटलं, तिलाच विचारतात.

"बत्तीसशे."

"अवं बाई, सोताच्याच बोलीवर चढून राहिल्या!" कोणीतरी ओरडलं, आणि मांडव फुटला. एक, दोन, तीन. तिनं गाठ दातांनी सोडली, नोटा ताटात ठेवल्या आणि कोंबडी घेतली. घेताना तिचे हात एक क्षण थबकले होते. मग तिनं कोंबडी सरळ केली, मान पदरानं झाकली. "म्हणा ना, परत देवाला!" मागून बायका सांगू लागल्या. ती म्हणाली, "नाही. घरी नेते," आणि जेवायला न थांबता फाटकातून निघून गेली.

थबकले होते. हे त्याला आठवलं आणि तो उठला. कोपऱ्यावरच्या एटीएममधून त्यानं बत्तीसशे काढले. नोटा नव्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. ऑटोत बसल्यावर त्याला बापाची, कवडूची, आठवण येऊ लागली, आणि ती येऊ नये म्हणून तो दुकानांच्या पाट्या वाचत राहिला. पण ती आली. काटोलकडच्या गावात त्याच्या आजानं ढोरं ओढली होती. गावाचं ढोर मेलं की ओढायचं यांनी, आणि मोबदला म्हणजे तेच मांस, झोपडीपुढं दोरीवर वाळत घातलेलं. धर्म बदलला त्या दिवशी आजानं पहिली गोष्ट कोणती सोडली असेल तर ती. देवाचं नाव कसं घ्यायचं ते पुढं हळूहळू समजलं. मेलेलं खायचं नाही, हे त्याच दिवशी समजलं. एका वाईट वर्षी आजीनं तसल्या मांसासाठी चोरून चूल पेटवली तेव्हा आजानं उकळतं मडकं अंगणात उलथं केलं होतं, पोरं रडत होती, कुत्री येऊन चाटत होती, आणि आजा उभा राहून पाहत होता. कवडू हे सांगताना दरवेळी थोडा ताठ बसायचा. त्यांच्या घरात श्रद्धा म्हणजे ते उलथं मडकं. आणि त्या मडक्याच्या नातवानं आज वेदीपुढं उभं राहून, माइकवर, आपल्यातल्याच बाईला मेलेलं विकलं होतं. तीन म्हणून.

पंचफुलाच्या गल्लीत शिरताच मसाल्याचा वास आला. खसखस, सुकं खोबरं, मिरी, भाजून वाटलेलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पाणी सुटलं याची किळस येऊन तो नाल्याच्या कडेला थुंकला. दार उघडंच होतं. गॅसवर जर्मनचं पातेलं, त्यावर ताटली, ताटलीवर पाणी. ती जमिनीवर बसून ज्वारीची भाकर थापत होती. बाहेर कोपऱ्यात तांबडी पिसं कागदात गुंडाळून ठेवलेली दिसली.

"या भाऊ," ती म्हणाली. उठली नाही. "बसा. पाट घ्या तो."

तो उभाच राहिला. रस्त्यानं जुळवून आणलेलं सगळं गेलं. "बाई, ती कोंबडी खाऊ नोका."

"काहून?"

"ती..." त्याचा आवाज फुटला. मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाणारा आवाज चार हातांवरच्या बाईपर्यंत जाईना. "ती मेली होती. मी विकली तवा मेलीच होती. मले समजलं होतं."

तिनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "मले बी समजलं. हातात घेतली तवाच. सव्वा वरीस मी धरून राहिली तिले." भाकरीची कड बोटानं सोडवत ती म्हणाली, "घरी येऊन कापली, तं रगत नाही आलं."

"मंग तिथंच बोलल्या काहून नाही?"

"कशी बोलू? माइक तं तुमच्याजवळ होता."

बाहेरून एक सायकल गेली. त्यानं खिशातलं नोटांचं पाकीट काढून पाटावर ठेवलं. तिनं चिमट्यानं भाकर उलटली, पाकिटाकडे पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं, तिला नीट दिसत नव्हतं. "हे काय होय?"

"बत्तीसशे. तुमचे परत."

"परत?" ती पहिल्यांदा हसली, आणि ते हसू त्याला सोसवेना. "परत तं देवाले देतात न भाऊ. मले कोणी देते का? ते पैसे मी देवाले देल्ले. पूर्ण मनानं. तुमी मले बाजारावानी खेचलं, ते तुमचं तुमी पाहा. पण देल्ले तं मीच देल्ले. तुमचे थोडी होते, तुमी परत द्यायले? उचला ते, भाकरीचं पीठ लागते त्याले."

"मंग निदान हे फेकून द्या. आपल्यात मेलेलं..."

"आपल्यात!" तिनं तवा आपटला. "बत्तीसशेची हाय ते. फेकू? चष्मा हाय तो माहा. शेजारची रंभाबाई वास घेऊन वाटी घेऊन आली, तिले नाही म्हटलं. दुसऱ्याले देणार नाही मी हे. देवाच्या नावानं निघालेलं उकिरड्यावर बी टाकणार नाही. मी शिजवलं, मीच खाईन." ती थांबली. हातावरचं पीठ चोळून काढलं. आवाज खाली आला, पण मऊ झाला नाही. "तुमी जा घरी. मी काही कोणाले सांगत नाही. न खाता जा, मी म्हणणार नाही काही. नाही तं बसा."

दाराबाहेर ऊन होतं, ऑटो मिळाला असता, सुशील चहाला वाट पाहत असेल. गेलं म्हणजे कोंबडीचं प्रकरण खरंच संपत होतं, अगदी त्याला मांडवात हवं होतं तसं, गुपचूप, दुसऱ्याच्या घरात. म्हणून तो बसला. चांगुलपणानं बसला नाही, हे त्याला माहीत होतं. उठून जाणारा स्वतःचा पाठमोरा सदरा त्याला दिसला आणि तो पाहवेना, म्हणून बसला. तिनं दोन ताटं काढली. काळपट तांबडा रस्सा, वर तेलाचा तवंग, त्यात दोन फोडी, आणि अर्धी अर्धी भाकर.

"प्रार्थना तुमी करा. तुमचा आवाज मोठा."

त्यानं डोळे मिटले. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. काही वेळानं तिनंच म्हटलं, "प्रभू, जे हाय ते हाय. आमेन."

त्यानं भाकर मोडली, रश्शात बुडवली आणि आजाकडे, बापाकडे, सगळ्यांकडे पाठ करून तोंडात घातली. मग फोड उचलली. मांस हाडापासून सहज सुटलं. त्यानं वाट पाहिली, घशातून काहीतरी उलटून येईल, अंग झिडकारेल, एवढी तरी शिक्षा होईल. काही आलं नाही. मिरी जिभेला लागली, खोबरं लागलं, कपाळावर घाम आला. पंचफुला समोर बसून आपलं ताट खात होती, हळू, नेमानं, हाडं एका बाजूला काढून ठेवत.

"मिठाले कसं हाय?" तिनं विचारलं.

"चांगलं हाय," तो म्हणाला. खरंच चांगलं झालं होतं. बोटं कधी चाटली ते त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा ताट पुसलेलं होतं, आणि तिनं पळी उचलून विचारण्याआधीच त्याचा हात ताट घेऊन पुढे झाला होता.